पायपीआय: माल फुकट, मनुष्यबळ तोकडं

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहिलेले तयार कोडचे गठ्ठे, जिथून येतात ते सार्वजनिक भांडार म्हणजे पायपीआय. पिप हे पॅकेज बसवणारं साधन; त्याला ‘पिप इन्स्टॉल’ म्हटलं की फाइल येते ती इथूनच. २००३ पासून चालू आहे, मालकी कोणा कंपनीची नाही. पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन, म्हणजे पीएसएफ, ही अमेरिकेतली ना-नफा संस्था ते चालवते. पॅकेज चढवायला पैसे लागत नाहीत, उतरवायलाही नाहीत. सेवा म्हणून परीक्षण करायचं तर निकाल दोन द्यावे लागतात: यंत्राकडून होणारं काम अव्वल, आणि माणसानं करायचं काम अजूनही ओढाताणीचं. या फरकाचं मूळ पैसा कोणत्या रूपात येतो त्यात आहे.

उतरवण्याचा वेग हा पायपीआयचा सर्वांत मोठा गुण, आणि तो इतका अंगवळणी पडलाय की कोणी त्याचं नावही काढत नाही. पुण्यात बसून पांडाज हे पॅकेज मागवलं तर फाइल दर वेळी अमेरिकेतल्या सर्व्हरवरून येत नाही, फास्टली या फाइली जगभर पोचवणाऱ्या कंपनीच्या जवळच्या केंद्रातल्या कॅशमधून, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातून येते. हे शक्य होतं एका कडक नियमामुळे: एकदा चढवलेली फाइल कधीही बदलत नाही. जी बदलणारच नाही ती कॅशमध्ये कितीही दिवस ठेवता येते. याच नियमामुळे आवृत्ती डिलीट केली तरी त्याच नावाची फाइल पुन्हा चढवता येत नाही. नवखे मेंटेनर, म्हणजे पॅकेज सांभाळणारे, यावर वैतागतात, पण नियम योग्यच आहे. रिलीजमध्ये चूक राहिली तर आकडा पुढे न्यावा आणि जुनी आवृत्ती ‘यँक’ करावी. यँक केलेली आवृत्ती नेमका आकडा लिहून मागणाऱ्याला मिळत राहते, बाकीच्यांना पिप ती देत नाही. डिलीट केली, तर ती पक्की लिहून ठेवलेल्या प्रत्येकाची बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरची आपोआप होणारी बांधणी, पडते.

या वेगाची किंमत काय? २०२५ या एका वर्षात पायपीआयनं १.९२ एक्झाबाइट, म्हणजे सुमारे १९२ कोटी जीबी डेटा पोचवला. सेकंदाला सरासरी ८१ हजार रिक्वेस्ट. जीबीला एक सेंट असा पडेल भाव धरला तरी वर्षाचं बिल होतं १ कोटी ९२ लाख डॉलर. पीएसएफचं सगळं वार्षिक अंदाजपत्रक आहे ५० लाख डॉलरच्या आसपास, आणि पगारी माणसं जेमतेम चौदा. त्यातच पायकॉन परिषद, अनुदानं, कायदेशीर कामं, हिशेब, सगळं आलं. बँडविड्थ विकत घ्यायची वेळ आली तर वर्षभराचा पैसा तीन महिन्यांच्या आसपास संपेल. ती वेळ येत नाही, कारण फास्टली ही सेवा देणगी म्हणून देते. सर्व्हर आणि साठवणीचा भारही क्लाऊड कंपन्यांच्या देणगीदाखल क्रेडिटवर बराचसा निभतो.

भंडाऱ्याला गहू, तूप, साखर देणारे गावात सहज मिळतात. पंगतीत वाढायला आणि मागाहून पातेली घासायला माणसं जमवताना पंचाईत होते. पायपीआयची आर्थिक घडण हुबेहूब तशी आहे.

पॅकेज चढवण्याची बाजू गेल्या काही वर्षांत खूपच सुधारली. एप्रिल २०२३ मध्ये आलेलं ‘ट्रस्टेड पब्लिशिंग’ ही इथली सर्वांत उपयोगी सोय. पूर्वी एपीआय टोकन, म्हणजे पासवर्डसारखी किल्ली, बनवून ते सीआयच्या (बिल्ड आणि रिलीज आपोआप करणाऱ्या यंत्रणेच्या) सीक्रेट्समध्ये ठेवावं लागे, आणि ते वर्षानुवर्षं तिथेच पडून राही. आता पायपीआयवर प्रोजेक्टच्या पब्लिशिंग पानावर चार गोष्टी भरायच्या: रिपॉझिटरीचा (कोडच्या कोठाराचा) मालक, रिपॉझिटरीचं नाव, वर्कफ्लोच्या (आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांच्या) फाइलचं नाव आणि एन्व्हायर्नमेंट (मंजुरीसारख्या अटी जिथे लावता येतात तो कप्पा). शेवटची ऐच्छिक आहे, पण भराच. रिलीजच्या वेळी गिटहब, म्हणजे कोड जिथे ठेवतात ती सेवा, त्या वर्कफ्लोची ओळख सही करून देतं, पायपीआय ती तपासतं आणि पंधरा मिनिटं चालणारं टोकन हातात ठेवतं. चोरायला काही शिल्लकच राहत नाही. गिटलॅब आणि गूगल क्लाऊडवरूनही हे चालतं.

हे पहिल्या फटक्यात चालत नाही तेव्हा कारण बहुधा पुढच्यांपैकी एक असतं. फाइलच्या नावाच्या जागी पूर्ण पाथ लिहिलेला असतो. तिथे फक्त नाव हवं. वर्कफ्लोत आयडी-टोकनची ‘राइट’ परवानगी दिलेली नसते. किंवा ती दिलेली असते, पण परवानग्यांचा भाग लिहिला की न लिहिलेल्या सगळ्या परवानग्या काढून घेतल्या जातात हे ध्यानात नसतं, आणि खासगी रिपॉझिटरी चेकआउटलाच अडकते. एन्व्हायर्नमेंटचं नाव एकीकडे ‘रिलीज’ आणि दुसरीकडे ‘पायपीआय’ असतं. प्रकाशनाची पायरी दुसऱ्या रिपॉझिटरीतल्या रीयूजेबल वर्कफ्लोत ठेवलेली असते, आणि ते चालत नाही. ती पायरी मुख्य वर्कफ्लोतच हवी. अजून एक फसगत: नव्या पॅकेजसाठी ‘पेंडिंग पब्लिशर’ भरून ठेवला म्हणजे नाव राखून ठेवलं असं होत नाही. पहिली आवृत्ती चढेपर्यंत ते नाव कोणीही घेऊ शकतो.

टोकन गेलं म्हणजे धोका टळला असं मात्र नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अल्ट्रालिटिक्स या लोकप्रिय पॅकेजच्या दोन आवृत्त्यांत क्रिप्टो-मायनर शिरला. हल्लेखोरानं गिटहब ॲक्शन्सची कॅश दूषित केली आणि बिल्ड अधिकृत वर्कफ्लोमधूनच बाहेर पडली. ते निस्तरत असतानाच आणखी दोन वाईट आवृत्त्या आल्या, त्या जुन्या, रद्द न केलेल्या एपीआय टोकनच्या जोरावर. म्हणून ट्रस्टेड पब्लिशिंग चालू झालं की त्याच दिवशी जुनी टोकन्स रद्द करायची, रिलीजच्या वर्कफ्लोत कॅश वापरायची नाही, आणि एन्व्हायर्नमेंटला माणसाची मंजुरी लावायची. वरचा ऐच्छिक रकाना भरायची गोष्ट यासाठीच.

१ जानेवारी २०२४ पासून पॅकेज चढवणाऱ्या प्रत्येकाला टू-फॅक्टर (पासवर्डखेरीज ओळखीचा दुसरा पुरावा) सक्तीचं झालं. रिकव्हरी कोड त्याच लॅपटॉपवर ठेवू नका. शिवाय खात्याला स्वतःच्या डोमेनचा एकच ईमेल जोडलेला असेल तर दुसरा, वेगळ्या सेवेवरचा पत्ता जोडा. मे २०२२ मध्ये ‘सीटीएक्स’ नावाचं जुनं पॅकेज असंच हातचं गेलं होतं: मेंटेनरच्या डोमेनची मुदत संपली, कोणीतरी ते विकत घेतलं आणि पासवर्ड बदलून टाकला. २०२५ पासून पायपीआय स्वतःच डोमेनच्या मुदतीवर नजर ठेवतं आणि मुदत उलटली की त्या ईमेलवरचा विश्वास काढून घेतं.

आता जिथे माणूस लागतो ती कामं. फाइलला १०० एमबी आणि प्रोजेक्टला १० जीबी अशी मूळ मर्यादा आहे. वाढवून हवी तर गिटहबवरच्या पायपीआय सपोर्ट रिपॉझिटरीत अर्ज टाकायचा, तो कोणीतरी वाचतो, मग निर्णय होतो. ‘लिमिट वाढवा, अर्जंट आहे’ एवढंच लिहिलेला अर्ज मागे पडतो. फाइल मोठी का आहे, आत काय बांधलंय, किती प्लॅटफॉर्मसाठी किती व्हील्स (बसवायला तयार फाइली) निघतात, महिन्याला किती रिलीज होतात, आणि जुन्या प्री-रिलीज साफ केल्यात का, हे आकड्यांसह लिहा. रोजच्या नाइटली बिल्ड इथे टाकू नयेत; पायटॉर्च हे मशीन लर्निंगचं पॅकेज त्यासाठी स्वतःचा वेगळा इंडेक्स, म्हणजे भांडार, चालवतं. बेवारस पडलेलं नाव मागण्याचा अर्जही माणूसच तपासतो. खातं परत मिळवण्याचा अर्ज तर तपासायलाच हवा, कारण तोच हल्लेखोराचा आवडता दरवाजा.

संघटनांच्या खात्यांची कथा याहून बोलकी आहे. एप्रिल २०२३ मध्ये ‘ऑर्गनायझेशन’ खाती जाहीर झाली: सामुदायिक प्रकल्पांना फुकट, कंपन्यांना पैसे देऊन. म्हणजे पायपीआयच्या स्वतःच्या कमाईचा हा रस्ता. पण प्रत्येक अर्ज हातानं तपासायचा आणि तपासणारी माणसं मोजकी, त्यामुळे अर्जांचा ढीग साचला. पैसे द्यायला तयार असलेलं गिऱ्हाईक रांगेत होतं, आणि पैसे घ्यायला गल्ल्यावर माणूस नव्हता.

त्याच वर्षी २० मे रोजी, शनिवारी, पायपीआयला नवी खाती आणि नवे प्रोजेक्ट तात्पुरते बंद करावे लागले. मालवेअर चढवणाऱ्यांचा लोंढा होता, आणि प्रशासकांपैकी काही जण रजेवर होते. हे कारण त्यांनी स्वतःच उघडपणे सांगितलं, हा त्यांचा चांगुलपणा. दुसऱ्या दिवशी पूर्ववत झालं. मार्च २०२४ मध्येही नोंदणी काही तास बंद होती. जगभरच्या सॉफ्टवेअरचा पाया ज्यावर उभा, तिथे चार माणसांच्या रजेनं कुलूप लागावं!

सुधारणा झाली ती माणसं नेमल्यावरच. ऑगस्ट २०२३ मध्ये पायपीआयसाठी स्वतंत्र सुरक्षा अभियंता आला, पगाराचा पैसा ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसचा. २०२४ मध्ये सपोर्टसाठी पूर्णवेळ व्यक्ती आली. परिणाम २०२५ च्या आकड्यांत दिसतो: खातं परत मिळवण्याचे दोन हजारांवर अर्ज निकाली निघाले, आणि मालवेअरच्या दहापैकी नऊ तक्रारींवर २४ तासांच्या आत कारवाई झाली. दोन पगारांत एवढा फरक.

मग माणसांसाठी पैसा का मिळत नाही? मिळतो, पण नव्या बांधकामासाठी. जुनी साइट टाकून नवी उभी करायला मोझिलानं १ लाख ७० हजार डॉलर दिले, आणि एप्रिल २०१८ मध्ये ती सुरू झाली. २०१९ मध्ये ओपन टेक्नॉलॉजी फंडाच्या पैशातून टू-फॅक्टर आणि एपीआय टोकन आले. पिपचा नवा रिझॉल्व्हर, म्हणजे कोणत्या आवृत्त्या एकमेकींशी जुळतात ते ठरवणारा भाग, मोझिला आणि चॅन झुकरबर्ग इनिशिएटिव्हच्या एकूण ४ लाख ७ हजार डॉलरवर झाला आणि २०२० च्या अखेरीस पिप २०.३ मध्ये उतरला. सगळी कामं चोख. पण अनुदानाला सुरुवात, शेवट आणि दाखवण्याजोगं फलित लागतं. रोज सकाळी उठून मालवेअरच्या तक्रारी वाचणं याला ‘फलित’ म्हणून कोण मंजूर करणार?

सरकारी पैशाला अटी चिकटतात, हे ऑक्टोबर २०२५ मध्ये दिसलं. चढवलेल्या पॅकेजेसची आपोआप आधीच तपासणी करण्याच्या कामासाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडून दोन वर्षांत १५ लाख डॉलर मिळायच्या बेतात होते. विविधता आणि समावेशकतेच्या कार्यक्रमांविषयीची अट फक्त त्या कामापुरती नव्हती, सगळ्या संस्थेला लागू होती, आणि भंग झाला तर खर्च झालेला पैसाही परत मागता आला असता. पीएसएफनं प्रस्ताव मागे घेतला. तत्त्व बाजूला ठेवून निव्वळ हिशेबानं पाहिलं तरी निर्णय बरोबर वाटतो: ५० लाखांच्या संस्थेनं १५ लाखांचं टांगतं देणं डोक्यावर घेऊ नये. त्याआधी, ऑगस्टमध्ये, पायथनच्या संमेलनांना आणि कार्यशाळांना दिली जाणारी अनुदानंही वर्षाची मर्यादा गाठल्यामुळे थांबवावी लागली होती.

इतर भाषांच्या भांडारांकडे पाहिलं तर कोणाचंच फार बरं नाही. जावास्क्रिप्टचं एनपीएम २०२० पासून गिटहबकडे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या छत्राखाली. पैशाची चिंता नाही, पण सामुदायिकही नाही. जावाचं मेव्हन सेंट्रल सोनाटाइप ही एकच कंपनी पोसते. आर भाषेचं क्रॅन विद्यापीठांच्या मिररवर खर्च वाटून घेतं. ते स्वस्त पडतं, पण पॅकेज तपासणारे स्वयंसेवकच. रूबीत सप्टेंबर २०२५ मध्ये रूबी सेंट्रल या संस्थेनं रूबीजेम्सच्या कोडचा ताबा घेतला आणि जुने मेंटेनर बाहेर पडले; पुढच्या महिन्यात कोडची जबाबदारी रूबीच्या मूळ चमूकडे गेली, सेवा चालवण्याचं काम रूबी सेंट्रलकडेच राहिलं. मोठे देणगीदार मोजके असले की कारभाराचं भांडण आणि पैशाचं भांडण वेगळं काढता येत नाही. त्याच सप्टेंबरात यातल्या बऱ्याच भांडारांच्या संस्थांनी मिळून जाहीर निवेदन काढलं, त्याचा रोख सरळ होता: मोठ्या प्रमाणावर वापरणाऱ्यांनी वाटा उचलावा. मेव्हन सेंट्रलचा अनुभव असा, की ८० टक्क्यांहून जास्त बँडविड्थ एक टक्का आयपी पत्ते खातात.

ते एक टक्का म्हणजे बहुतेक कंपन्यांचे सीआय. हिंजवडी-खराडीतल्या टीमला इथे दोन गोष्टी करता येतात, आणि पहिलीला पैसे लागत नाहीत: उधळपट्टी थांबवणं. डॉकर हे सॉफ्टवेअर लागणाऱ्या सगळ्यासह एका ‘इमेज’मध्ये बांधणारं साधन; त्याच्या फाइलमध्ये पिपला ‘नो कॅश डिर’ लावायची पद्धत आहे. त्यानं इमेज लहान होते हे खरं, पण प्रत्येक बिल्ड सगळं नव्यानं उतरवते. लिनक्सवर पायटॉर्च आणि त्यासोबतची एनव्हिडियाची पॅकेजेस मिळून दोन जीबीच्या वर जातात. दिवसाला पन्नास बिल्ड म्हणजे १०० जीबी, एका रिपॉझिटरीचे. बिल्डकिटचा कॅश माउंट पिपच्या कॅश फोल्डरवर लावला आणि तो पर्याय काढला, तर इमेजही लहान राहते आणि उतरवणंही थांबतं. दर वेळी नवं मशीन मिळणाऱ्या सीआयवर मात्र हा माउंट टिकत नाही. तिथे सीआयची स्वतःची कॅश लावा आणि तिची किल्ली लॉकफाइलच्या (नेमक्या आवृत्त्या नोंदवलेल्या फाइलच्या) हॅशवरून बनवा.

टीम दहा-बारा जणांच्या वर गेली की मधे प्रॉक्सी, म्हणजे पायपीआयच्या फाइली साठवून पुढे देणारा आपला सर्व्हर, हवी. आर्टिफॅक्टरी किंवा नेक्सस आधीच असेल तर त्यातच पायपीआयचा रिमोट जोडा. नसेल तर डेव्हपीआय पुरतो: सर्व्हर पॅकेज बसवा, इनिशियलाइज करा, चालू करा. तो ३१४१ पोर्टवर ऐकतो आणि मागितलेल्या फाइलच साठवतो, त्यामुळे सुरुवातीला १०० जीबीची डिस्क पुष्कळ. पिपच्या सेटिंगमध्ये मुख्य इंडेक्सचा पत्ता याचा द्यायचा. साध्या एचटीटीपीवर ठेवलात तर पिप नकार देतं. ‘ट्रस्टेड होस्ट’ लावून तोंड बंद करण्यापेक्षा समोर एनजिनएक्स आणि सर्टिफिकेट लावा. पायपीआयवर आलेली ताजी आवृत्ती इथे दिसायला अर्धा तास लागू शकतो; ही चूक नाही, कॅशची मुदत आहे. पिपऐवजी यूव्ही हे साधन वापरत असाल तर प्रॉक्सी लावल्यावर लॉकफाइल नव्यानं बनवा, कारण जुनीत फाइलींचे थेट पायपीआयचे पत्ते लिहिलेले असतात आणि प्रॉक्सी नुसती शोभेला उरते. बँडरस्नॅच या साधनानं सगळ्या पायपीआयचा मिरर घेण्याच्या फंदात पडू नका. इंटरनेट नसलेल्या बंदिस्त नेटवर्कलाच त्याची गरज, आणि तिथेही पॅकेजची यादी ठरवूनच.

खासगी पॅकेजेससाठी ‘एक्स्ट्रा इंडेक्स’ हा पिपचा पर्याय वापरत असाल तर आजच काढा. पिप दोन्ही इंडेक्सना सारखंच मानतं आणि मोठा आकडा जिथे असेल तिथून उचलतं. तुमच्या खासगी पॅकेजच्या नावाचं पॅकेज कोणी पायपीआयवर ९९ आवृत्तीनं टाकलं की ते तुमच्या सर्व्हरवर बसलं. डिसेंबर २०२२ मध्ये पायटॉर्चच्या नाइटलीला ‘टॉर्चट्रायटन’च्या नावानं हेच झालं.

दुसरी गोष्ट पैसे. कंपनीचं पॅकेज पायपीआयवर असेल तर कंपनी ऑर्गनायझेशन खातं घ्या. टीमनुसार परवानग्या, मालक-व्यवस्थापक-सदस्य अशा भूमिका आणि बिलिंगची वेगळी भूमिका मिळते. खासगी पॅकेजेस ठेवायची सोय मात्र मिळत नाही, त्या आशेनं घेऊ नका. त्याहून मोठी रक्कम असेल तर पीएसएफची स्पॉन्सरशिप, आणि ती देताना मनुष्यबळासाठी विचारणा करा. क्लाऊडचं क्रेडिट देणारे त्यांच्याकडे आहेत. व्यक्तीला ९९ डॉलरचं वार्षिक सदस्यत्व घेता येतं, परवडत नसेल तर २५ पासूनही. आपण वापरतो त्या पॅकेजच्या लेखकाला दिलेली देणगी चांगलीच, पण त्यातला छदामही पायपीआयला जात नाही. झिरोधाचा फ्लॉस फंड २०२४ पासून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत वाटतो, एका प्रकल्पाला १० हजार ते १ लाख. त्याचा रोख मुख्यतः प्रकल्पांकडेच आहे.

भारतातून देताना कागदपत्रांचा गोंधळ आधीच मिटवा. पीएसएफ अमेरिकन संस्था असल्यानं ८०जीची सूट नाही. सीएसआरच्या खात्यातही हा खर्च बसत नाही, कारण भारताबाहेर केलेलं काम त्यात धरलं जात नाही. वित्त विभागाकडे त्या नावानं गेलेली फाइल तिथेच परतते. स्पॉन्सरशिपची मोठी रक्कम बँकेतून पाठवायची तर परदेशी पैसे धाडण्याचे फॉर्म आणि बहुधा सीएचा दाखला लागतो, त्याला दोन-तीन आठवडे धरून चाला. ऑर्गनायझेशन खात्याचं बिल मात्र इतर कुठल्याही क्लाऊड सेवेसारखं कार्डावर जातं. ते इन्फ्राच्या बजेटमध्ये, आर्टिफॅक्टरीच्या ओळीखाली टाकलं की सही मिळते.